सेंटोसाच्या युनिव्हर्सलमध्ये एकटीनं: "मग बॅग कोणी धरली?" आणि इतर नेहमीचे प्रश्न

ऑफिसनं प्रशिक्षणासाठी चार दिवस सिंगापूरला पाठवलं होतं. मी परतीचं तिकीट एक दिवस पुढचं घेतलं आणि तो उरलेला मंगळवार सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये काढला. एकटीनं. वय सत्तेचाळीस, मुक्काम डोंबिवली. आल्यापासून ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, नणंदेच्या फोनवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. ज्यांना जायचंय त्यांच्या उपयोगी पडेल, आणि ज्यांना नुसत्याच चौकशा आहेत त्यांचाही जीव शांत होईल.

एकटीनं? घरी भांडण झालं होतं का?

नाही. घरचे सगळे डोंबिवलीत होते आणि मी सिंगापुरात, एवढंच. पण खरं कारण सांगायचं तर अशा जागी मी आजवर चार-पाच वेळा गेलेय आणि एकाही मोठ्या राइडमध्ये बसलेले नाही. लग्नाआधी होडीतून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलो, तेव्हा धाकटी भावंडं माझ्या ताब्यात. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला दोनदा गेलो, दोन्ही वेळा मी बाकावर. मांडीवर आणि आजूबाजूला पाच सॅक, दोन पर्स, कुणाचा तरी ओला टॉवेल आणि सगळ्यांचे चष्मे. प्रत्येक घरात अशी एक बाई असते. "मला नाही बाई आवडत ते गरगर फिरणं" असं ती कधीतरी एकदा म्हणून जाते आणि पुढची वीस वर्षं तिला कुणी पुन्हा विचारत नाही. या वेळी विचारणारंच कुणी सोबत नव्हतं.

हे सेंटोसा नक्की कुठे आहे?

सिंगापूरच्या दक्षिणेला अगदी लागून असलेलं पाचेक चौरस किलोमीटरचं बेट. नाव ओळखीचं वाटतंय ना? मलय भाषेतला हा शब्द संस्कृतातून गेलेला, आपल्या 'संतोष'चाच भाऊबंद. अर्थ शांती, समाधान. सिंगापूर म्हणजे सिंहपूर हे तर सगळ्यांना ठाऊक असतं, याचं मला तिथे जाऊन कळलं. आणि हे नाव अलीकडचं. पूर्वी बेटाला 'पुलाउ ब्लाकांग माती' म्हणत. आपल्या कानाला त्यात माती ऐकू येते, पण मलयमध्ये 'माती' म्हणजे मरण. मरणामागचं बेट, असा काहीसा त्या नावाचा अर्थ. ब्रिटिशांनी इथे तोफा बसवल्या होत्या. पश्चिम टोकाचा सिलोसो किल्ला आजही पाहता येतो. १९७२ साली सेंटोसा विकास महामंडळ स्थापन झालं आणि लष्कराचं बेट सहलीचं झालं. युनिव्हर्सल २०१० च्या मार्चमध्ये उघडलं. २०१८ साली ट्रम्प आणि किम जोंग उन भेटले, तेही याच बेटावरच्या एका हॉटेलात.

पार्क साधारण २० हेक्टरचं आहे. एक तळं आणि त्याभोवती गोलाकार सात विभाग: हॉलिवूड, न्यूयॉर्क, साय-फाय सिटी, प्राचीन इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड, फार फार अवे आणि मिनियन लँड. हे शेवटचं २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. आधी तिथे मादागास्कर होतं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गेलात तर गोंधळाल. एका दिवसात पायी सगळं होतं, हरवायची भीती नाही. गोल फिरत राहिलं की माणूस आपोआप दाराशी येतो.

व्हिसा वगैरे?

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागतो, अधिकृत एजंटामार्फत. शिवाय तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर आपण चुकीच्या दारात उभे आहोत असं समजा.

तिकीट केवढ्याचं?

मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट ८० सिंगापूर डॉलरच्या पुढे जातं आणि तारखेप्रमाणे दर बदलतो. रुपयांत पाच हजारांच्या वरच धरा. ऑनलाइन आधीच काढून ठेवा. एकट्या माणसाला सवलत नाही, पण चार तिकिटं काढावी लागत नाहीत हीच काय ती सवलत.

बेटावर जायचं कसं?

मेट्रोनं हार्बरफ्रंट स्टेशन. वरच व्हिवोसिटी नावाचा मोठा मॉल आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल सुटते. जाताना ४ डॉलर, येताना फुकट, बेटावर एका स्टेशनाहून दुसऱ्याला जायलाही फुकट. पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथे उतरा. मोनोरेल नको असेल तर मॉलच्या बाहेरून समुद्रावरचा लाकडी पदपथ आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी सकाळी चालत गेले. डाव्या-उजव्या हाताला बंदर, क्रेन, मोठमोठी जहाजं, आणि पदपथावर माझ्याशिवाय फक्त एक झाडूवाले आजोबा. माउंट फेबर टेकडीवरून केबल कारही येते, १९७४ पासून. हौस असेल तर तिनं या, घाई असेल तर नको.

राहायला लिटल इंडियात असाल तर उत्तमच. तिथून हार्बरफ्रंट एकाच मेट्रो लाइनवर आहे, गाडी बदलावी लागत नाही.

किती वाजता पोचावं?

दार बहुतेक दिवशी दहाला उघडतं, त्याआधी अर्धा तास. बाहेर तो मोठा फिरता पृथ्वीचा गोल आहे, त्याच्याजवळ फोटोला तिकीट लागत नाही. पण फोटो संध्याकाळी काढा. सकाळी तिथे रांग असते आणि आत रांग नसते. दोन्हीचा फायदा उलटा घ्यायचा. मंगळवार-बुधवार बरे. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर मोठ्या सुट्ट्या असतात, ते दिवस टाळा. मे महिन्यात आपल्याकडच्या सहली जातात. तेव्हा रांगेत "अगं, पुढे सरक" असं मराठीत ऐकू आलं तर नवल वाटून घेऊ नका.

सिंगल रायडर रांग म्हणजे काय?

एकट्या माणसाला या पार्कात सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून नीट सांगते.

ट्रान्सफॉर्मर्स नावाच्या राइडच्या गाडीत बारा जण बसतात, चार-चारच्या तीन ओळी. तिघांचं कुटुंब आलं की ओळीत एक जागा उरते. पाच जणांचा गट आला की चार इकडे, एक तिकडे, आणि त्या एकाच्या शेजारी तीन रिकाम्या. मुख्य रांगेत तासभर माणसं ताटकळत असताना गाडी अर्धी रिकामी सोडायची नसते. म्हणून एकेकट्यांची वेगळी रांग असते, आणि जिथे फट पडेल तिथे त्यातलं एकेक माणूस भरतात. आपल्या लोकलमध्ये चौथी सीट असते ना, तसंच. फक्त इथे चौथ्या सीटवाल्याला अख्खी सीट मिळते आणि कुणी कोपर मारत नाही.

मी पोचले तेव्हा मुख्य रांगेच्या पाटीवर ५० मिनिटं लिहिलं होतं. बाजूच्या रांगेत माझ्यापुढे फक्त दोन मुलगे होते. फलाटावरच्या मुलीनं एक बोट वर करून "सिंगल?" म्हटलं आणि मी शाळेत हजेरी द्यावी तसा हात वर केला. नऊ मिनिटांत गाडीत. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या जोड-रोलरकोस्टरला ओळीत दोनच जागा असतात, त्यामुळे तिघांचा गट आला रे आला की आपला नंबर. ममी या अंधारातल्या राइडलाही अशी रांग आहे.

तोटेही सांगते. सगळ्याच राइड्सना ही सोय नाही, आणि असते तिथेही कधीकधी बंद ठेवतात. दारातल्या माणसाला विचारायचं. कुठे बसायचं हे आपल्या हातात नाही. मुख्य रांगेच्या वाटेवरची सजावट आणि गोष्टीचा सुरुवातीचा भाग बराचसा हुकतो, आत जाऊन बसल्यावर कोण कुणाशी का लढतंय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि दोघी मैत्रिणी गेलात तरी या रांगेत तुमची ताटातूट होणार हे धरून चाला.

मग रांग टाळायचा एक्स्प्रेस पास घ्यायचा का?

एकट्यानं, आडवारी: नको. सुट्टीत गेलात आणि पाण्याची राइड, मिनियन वगैरे सगळं करायचंच असेल तर विचार करा. त्याचे पैसे तिकिटावर वेगळे पडतात आणि गर्दीनुसार वाढतात.

आणि बॅग? बॅग कोणी धरली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेलाय, आणि विचारणाऱ्या सगळ्या बायका होत्या.

लॉकरनं धरली. ममी आणि बॅटलस्टारजवळ लॉकर आहेत, ठरावीक वेळ फुकट, पुढे पैसे. बॅटलस्टारला तर खिशात काहीही चालत नाही. आत जाताना विमानतळासारखा मेटल डिटेक्टर आहे. किल्ल्या, नाणी, फोन, सगळं बाहेर. मी ते सगळं सॅकमध्ये कोंबलं, सॅक लॉकरमध्ये ठेवली आणि शहाणपणा म्हणून लॉकरच्या नंबरचा फोनमध्ये फोटो काढला. मग फोन सॅकमध्ये टाकला. मग दार लावलं.

हे लक्षात आलं तेव्हा मी बॅटलस्टारच्या दोन गाड्यांपैकी सायलॉनच्या खुर्चीत बसले होते, खांद्यावरून पट्टा खाली आलेला, पाय अधांतरी. गाडी चढायला लागली आणि मी मनात "एकशे चौऱ्याऐंशी की एकशे अठ्ठेचाळीस" करत होते. पहिल्या उलट्या फेऱ्यात दोन्ही आकडे गेले. खाली आल्यावर लॉकरपाशी उभ्या असलेल्या मुलाला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. बॅग कशी दिसते विचारलं, आत काय काय आहे विचारलं, मग एकेक लॉकर उघडून पाहिला. तिसऱ्यात सापडली. आतल्या सामानाची यादी सांगताना काय झालं ते शेवटी सांगते.

तर धडा असा: साधं बॉलपेन न्या आणि नंबर तळहातावर लिहा. बोटावर नको, घामानं पुसतो. आणि मुळात बॅगच लहान न्या. पाण्याच्या राइडजवळच्या लॉकरला मला पैसे पडले, तिथे कमरेचा छोटा पाऊच असता तर काम भागलं असतं.

कोणत्या राइड्स घ्याव्यात? खूप भीती वाटते का?

वाटते. पण भीतीच्या जाती वेगवेगळ्या आहेत.

ममी अंधारातली. 'रिव्हेंज ऑफ द ममी' पूर्ण बंद इमारतीत आहे, बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे आपण कशात शिरतोय हे कळत नाही. गाडी आधी सावकाश जाते, आपण आजूबाजूचे पुतळे बघतो, "एवढंच?" असं वाटतं, आणि मग ती थांबते. थांबते आणि मागे जायला लागते. अंधारात उलटं जाताना पोटात जे होतं ते मला आजही आठवतं. एकच राइड करायला मिळणार असेल तर हीच करा. मी तीनदा केली.

बॅटलस्टार उजेडातली भीती. साडेबेचाळीस मीटर उंच, म्हणजे चौदा मजली इमारत धरा. दोन रुळ आहेत. लाल रुळाची 'ह्यूमन', तिच्यात नीट बसायचं आणि ती ताशी ९० किलोमीटरपर्यंत जाते. निळ्या रुळाची 'सायलॉन', तिच्यात आपण रुळाखाली लोंबकळतो आणि ती पाच वेळा उलटी होते. दोन्ही एकदम सोडतात आणि वाटेत त्या एकमेकींच्या अंगावर येऊन निसटतात. समोरून चाळीसेक पाय आपल्या दिशेनं येताना दिसतात, हे काही वर्णन करून सांगता येत नाही. ही जोडी २०१३ ते २०१५ बंद होती, मग ओळीत चारऐवजी दोन जागांच्या नव्या गाड्या आल्या. आधी ह्यूमन करा, सायलॉन नंतर. मी उलट केलं आणि ह्यूमनमध्ये मला जवळजवळ जांभई आली.

ट्रान्सफॉर्मर्स हलणारी गाडी आणि त्रिमितीय पडदे असं मिश्रण आहे. लोक तिच्यावर जीव टाकतात. माझं डोकं उठलं. तरुण मंडळींना विचारा.

ज्युरासिक पार्क रॅपिड्स म्हणजे गोल तराफा, सगळे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. भिजणार कोण हे तराफा कसा वळतो त्यावर ठरतं, त्यामुळे शेवटपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत "तू, तू" असे हसत असतात. शेवटी तराफा अंधारात लिफ्टसारखा वर उचलला जातो आणि पुढे उतार. माझ्यासमोर दोन आज्या प्लास्टिकचे रेनकोट घालून, गुंड्या गळ्यापर्यंत लावून बसल्या होत्या. त्या कोरड्या राहिल्या. रेनकोट न घेतलेली मी आतून-बाहेरून भिजले. बाहेर पैसे टाकून गरम हवेच्या खोलीत वाळायची सोय आहे. मी उन्हात वाळले, ते फुकट होतं.

वॉटरवर्ल्डचा खेळ बसून बघायचा आहे: पाण्यातल्या कसरती, आगी, शेवटी विमान कोसळतं. पुढच्या ओळी मुद्दाम भिजवतात. वेळा सकाळीच बघून ठेवा आणि जेवणानंतरचा खेळ धरा, म्हणजे पोटही स्थिरावतं.

मळमळ होते त्यांचं काय?

भरल्या पोटी काही करू नका, उपाशीही नको. आल्याच्या वड्या किंवा आवळा सुपारी खिशात. पडद्याच्या राइडमध्ये जास्त होतं, खऱ्या रोलरकोस्टरमध्ये मला त्रास झाला नाही. रक्तदाब, पाठ-मान, गरोदरपण, नुकतीच शस्त्रक्रिया असं काही असेल तर प्रत्येक राइडच्या तोंडाशी सूचना लिहिलेली असते, ती वाचा आणि माना.

हवा कशी असते? पाऊस?

विषुववृत्त जेमतेम १३७ किलोमीटरवर. म्हणजे मे महिन्यातलं मालवण, पण बारा महिने. पारा ३१-३२ च्या आसपासच असतो, पण हवेत पाणी इतकं की घाम येतो आणि जात नाही. सुती कुर्ता म्हणजे दिवसभर अंगावर ओलं धुणं. पटकन वाळणारा टीशर्ट घाला, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, एक कोरडी जोडी पिशवीत ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकामी बाटली भरत राहा.

पाऊस इथे मोसम बघून येत नाही. वर्षातले सरासरी १७० च्या आसपास दिवस पडतो, आणि बरेचदा दुपारी, विजांसकट. विजेचा इशारा आला की उघड्यावरच्या राइड्स थांबतात. माझ्या मंगळवारी अडीचच्या सुमारास आभाळ काळं झालं, दहा मिनिटांत धो धो. लोक मुलांना काखोटीला मारून पळत सुटले. मी समोरच्या ममीत शिरले, दुसऱ्यांदा. आतल्या राइडला पावसाचं काय? बाहेर आले तरी पडतच होता. मग चालत हॉलिवूडला गेले, त्या रस्त्यावर वर मोठं छत आहे, तिथे कॉफी घेऊन बसले.

खरी गंमत पाऊस थांबल्यावर. कुटुंबंच्या कुटुंबं "आता झालं" म्हणून हॉटेलवर जातात. उघड्यावरच्या राइड्स तपासणी करून पुन्हा सुरू होतात तेव्हा रांगा अगदी तुटपुंज्या. एकट्या माणसाला कुणाचं डोकं पुसायचं नसतं, कुणाला दूध पाजायचं नसतं, तो थांबू शकतो. मी ह्यूमनमध्ये बसले तेव्हा माझ्या शेजारची जागासुद्धा रिकामी होती.

साडी नेसून जाता येईल का? (सासूबाईंचा प्रश्न)

येईल हो. आत फिरायला काहीच हरकत नाही, आणि शो बघायला तर मुळीच नाही. पण रोलरकोस्टरमध्ये पदराचं काय करणार? ओढणीचंही तेच. सुटं, लोंबतं काही नको. मंगळसूत्र मी त्या दिवशी हॉटेलच्या तिजोरीत ठेवलं होतं, हे इथे लिहितेय, सांगितलेलं नाही.

शाकाहारी खायला मिळतं?

मिळतं, पण भूक लागण्याआधी शोधा. इजिप्तमध्ये ओअ‍ॅसिस स्पाइस कॅफे आहे, तिथे भारतीय पद्धतीचं मिळतं. न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा. मागवताना "मांस नाही, मासे नाही, अंडं नाही" असं सुटं सुटं सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलं की समोरचा आपल्या मनातलं ओळखेलच असं नाही. पंधरा-वीस डॉलर एका वेळचे धरा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या-चटणी मोनोरेलच्या आधीच मॉलबाहेर बसून संपवा. मेट्रोत खाल्लं तर दंड होतो, पाणीसुद्धा पिऊ नका.

एकट्यानं जेवायचं तर एक पेच असतो: ताट आणायला गेलं की टेबल जातं, टेबल धरलं की ताट राहतं. यावर सिंगापूरकरांनी काढलेला तोडगा मला इतका घरचा वाटला की काय सांगू. टेबलावर टिशू पेपरचं छोटं पाकीट ठेवायचं आणि खुशाल निघून जायचं. जागा तुमची. याला ते 'चोप' करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसांना हे शिकवायला नको. मी व्हिवोसिटीच्या फूड कोर्टात चक्क रुमालच टाकला. कुणी हात लावला नाही. जेवण झाल्यावर मात्र ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा.

रात्री पोटभर जेवायचं तर थेट लिटल इंडिया गाठा. सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे. डोसा समोर आला तेव्हा मी दिवसभरात पहिल्यांदा हातानं खाल्लं.

बाई माणूस एकटी, सुरक्षित आहे?

हो. दिवसभरात एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही, आणि रात्री मेट्रोतही नाही. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ९९५. फोन वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा, पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आणि झेरॉक्स बॅगेत, खरा पासपोर्ट हॉटेलवर. घरी सकाळी एक आणि संध्याकाळी एक मेसेज. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं, "अजून उठली नाहीस का" असा फोन मला दुपारी बाराला आला.

फोटो कोण काढणार?

कुणीही. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचे फोटो काढत असतो. ज्याला आपला काढून हवाय त्याला आधी "तुमचा काढू का?" विचारायचं, परतफेड लगेच होते.

पण माझा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो कॅमेऱ्यानं परस्पर काढलाय. ममीत उतारावर फोटो निघतो आणि बाहेर पडद्यावर दिसतो. माझ्या ओळीत एक सिंगापुरी तमिळ कुटुंब होतं, आई, बाबा आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा, चौथी मी. गाडी मागे जायला लागली तेव्हा त्या मुलाच्या आईनं माझा हात धरला. आपला मुलगा समजून धरला असणार, मुलगा पलीकडच्या बाजूला होता. पडद्यावरच्या फोटोत आम्ही दोघी डोळे घट्ट मिटून, हात हातात घेऊन ओरडतोय, आणि तो मुलगा आरामात कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. तिनं तो फोटो विकत घेतला. मला विचारलं, "चालेल ना?" त्यांच्या घरी कुठेतरी भिंतीवर आता मी आहे.

कंटाळा नाही आला? बोलायला कुणी नाही, काही नाही.

कंटाळा नाही आला. चारच्या सुमारास मात्र, श्रेकच्या किल्ल्यासमोर, एक मिनिट वाटलं की हे कुणाला तरी दाखवावं. फोन काढला, फोटो पाठवला. "छान. गॅसचं बुकिंग कुठून करायचं?" असं उत्तर आलं. फोन आत ठेवला आणि तिसऱ्यांदा ममीत गेले.

त्यापेक्षा इमॅजिका काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही, आणि घरापासून दीड-दोन तासांवर आहे. तिथला नायट्रो कोस्टर जबरदस्त आहे असं मुलं सांगतात. मी तो बाकावरून पाहिलाय, तेव्हा तुलना करायला मी लायक नाही. दिवाळीनंतर जाणार आहे. बॅगा कोण धरेल ते त्यांनी ठरवावं.

लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर?

हे पान एकट्यांसाठी आहे, पण थोडक्यात: बॅटलस्टारला उंची १२५ सेंटिमीटर लागते, ममीला १२२. घरूनच मोजून निघा, दारात रडारड नको. आजी-आजोबांना शो, मिनियन लँड आणि हॉलिवूडच्या छताखालची बाकं.

पार्क बंद झाल्यावर काय करायचं?

लगेच परत जाऊ नका. त्याच मोनोरेलनं फुकट बीच स्टेशनला जा. सूर्य इथे वर्षभर सातच्या आसपास मावळतो, कोस्टरवरून उतरून अगदी वेळेत पोचता येतं. पलावान किनाऱ्यावर वाळूत चपला काढून बसले. समोर समुद्र, आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं, मोजायला गेले तर तीसच्या पुढे गेली. अंधार पडला तसे त्यांच्यावर एकेक दिवे लागत गेले. पाय इतके दुखत होते की उठायला पंधरा मिनिटं लागली.

शेवटचा प्रश्न, मुलीचा: आई, त्या बॅगेत होतं तरी काय?

लॉकरवरच्या मुलानं हेच विचारलं होतं. मी आठवून आठवून सांगत गेले. पाण्याची बाटली, छत्री, कोरडा टीशर्ट. ओआरएसची पाकिटं सहा. बँडएड. क्रोसिन. ओले टिशू. एक लहान मुलाची टोपी, जी कधीपासून त्या कप्प्यात आहे कोण जाणे. सेफ्टी पिना. आणि स्टीलचे चमचे, चार.

"चार?" त्यानं दार उघडत विचारलं. "मॅडम, बाकीचे तिघं कुठे आहेत?"

"घरी," म्हटलं.